मनरोव्हियात बदललेलं माझं मत

काही वर्षांपूर्वीपर्यंत माझं एक पक्कं मत होतं. शांततेसाठी झटणाऱ्या बायकांच्या संघटनांकडे धैर्य असतं, चिकाटी असते, माणसं असतात. उणीव असते ती आपलं काम जगासमोर मांडण्याच्या कसबाची. ते कसब माझ्याकडे होतं. आधी मराठी दैनिकात उपसंपादक म्हणून आणि पुढे एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात मी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. लांब रजा घ्यावी, अशा एखाद्या संघटनेत विनामोबदला काम करावं, तिथल्या बायकांच्या कहाण्या नीट लिहाव्यात, फोटो आणि चित्रफिती करून त्या मोठ्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचवाव्यात, यापरतं मोलाचं आपण काही देऊ शकत नाही, असं मला वाटे. मैत्रिणींनाही मी हे हिरिरीने पटवून देत असे. आज ते मत माझं राहिलेलं नाही.

हे मनोगत लिहिण्याचं कारण असं, की तसाच विचार करणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटतात. कोणी पत्रकार, कोणी जाहिरात क्षेत्रातली, कोणी डिझायनर, कोणी चित्रीकरण करणारी. मुलं मोठी झालेली असतात किंवा नोकरीत थोडी मोकळीक मिळालेली असते, आणि परदेशात जाऊन काही अर्थपूर्ण करावं असं त्यांना मनापासून वाटत असतं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. जाण्याआधी आपल्या कामाची कल्पना तपासून पाहावी, एवढंच मला सांगायचं आहे.

मी गेले लायबेरियाला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा पन्नासेक लाख वस्तीचा देश. अमेरिकेतून आलेल्या मुक्त गुलामांनी वसवलेला आणि १८४७ साली स्वतंत्र झालेला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांच्या नावावरून राजधानीचं नाव मनरोव्हिया. बाहेरून आलेल्यांचे वंशज आणि मूळचे रहिवासी यांच्यातली दरी शतकाहून अधिक काळ टिकली. १९८० मध्ये लष्करी उठाव झाला. मग १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर यांचे बंडखोर आयव्हरी कोस्टच्या सरहद्दीवरून आत घुसले आणि युद्ध पेटलं. मधली दोन-तीन वर्षांची उसंत सोडली तर ते २००३ पर्यंत चाललं. सुमारे अडीच लाख माणसं त्यात गेली, असा अंदाज सगळीकडे दिला जातो. शाळकरी मुलांच्या हातात बंदुका आल्या, आणि बायकांवरचे अत्याचार हा लढाईचाच भाग झाला.

हे युद्ध थांबवण्यात बायकांनी उचललेला वाटा मला माहीत होता. त्यांच्या आंदोलनाच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं, लायबेरियाच्या अध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत. त्याआधी २००८ मध्ये त्या आंदोलनावर ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ हा माहितीपट आला होता. तो पाहूनच मी लायबेरिया निवडला. आंदोलनातल्या काही जणींनी पुढे चालवलेल्या एका लहान संघटनेत संपर्क-सल्लागार स्वयंसेविका म्हणून मी रुजू झाले. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना ३० मार्च २०१८ रोजी देशातून निघून गेली होती. परदेशी निधी आटत चालला होता आणि संघटनेला मदतीची गरज होती, एवढं खरं होतं.

मी सोबत आराखडा नेला होता. नवं संकेतस्थळ, दर पंधरवड्याला एका बाईची कहाणी, समाजमाध्यमांचं वेळापत्रक, परदेशी वार्ताहरांची यादी. संघटनेच्या प्रमुख साठी ओलांडलेल्या होत्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना ‘ओल्ड मा’ म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरी, हे वाचणार कोण?”

मी म्हटलं, देणगीदार, पत्रकार, बाहेरचं जग.

“आणि आमच्या बाजारातल्या बायका?”

त्यांतल्या बहुतेकींना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्यासाठी माझ्या आराखड्यात काहीच नव्हतं, कारण त्या माझ्या मते कहाणीचा विषय होत्या. त्या कोणाच्या तरी श्रोत्या असू शकतात हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्या दिवशी माझं मत बदललं नाही. उलट मी वाद घातला. बाहेर नाव झालं की निधी येतो आणि निधी आला की बाजारातल्या बायकांसाठीही काम करता येतं, असं मी सांगत राहिले. पण ओल्ड मांच्या प्रश्नामुळे २००३ चं ते आंदोलन मी नव्याने समजून घेऊ लागले. तोवर मी त्याकडे धैर्याची गोष्ट म्हणून पाहिलं होतं. आता त्यात भाग घेतलेल्या बायकांकडून ऐकताना मला त्यातलं संपर्काचं काम दिसायला लागलं, आणि ते माझ्या आजवरच्या कामापेक्षा फार वरच्या दर्जाचं होतं.

सुरुवात कशी झाली पाहा. ‘विपनेट’ हे पश्चिम आफ्रिकेतल्या शांततावादी स्त्रियांचं जाळं २००१ मध्ये उभं राहिलं. लायबेरियात त्याची सूत्रं बोवींकडे आली. एका चर्चमधल्या सभेत असातू बाह केनेथ उठून उभ्या राहिल्या. त्या पोलीस अधिकारी, आणि सभेत आलेल्या एकट्या मुसलमान. आपण मुसलमान बायकांना यात आणू, असा शब्द त्यांनी दिला. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या देशात, जिथे लढणारे गट धर्माच्या नावानेही माणसं चिथवत होते, तिथे दोन्ही धर्मांच्या बायका एकत्र दिसणं हाच पहिला संदेश होता. मग त्यांनी गाठीभेटींचा क्रम लावला. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मशिदी, शनिवारी बाजार, रविवारी चर्च. जिथे बायका आधीच जमतात तिथे आपण जायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी पत्रकांवर साधी चित्रं काढली. कॅथलिक चर्चच्या ‘रेडिओ व्हेरितास’वरून आवाहन गेलं.

एप्रिल २००३ मध्ये त्या मनरोव्हियातल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात येऊन बसू लागल्या. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. एव्हाना राष्ट्राध्यक्ष झालेल्या टेलर यांच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जाई. पांढरे टीशर्ट, डोक्याला पांढरा रुमाल. दागिने नाहीत, प्रसाधनं नाहीत. त्यामुळे कोण श्रीमंत, कोण गरीब, कोण कुठल्या जमातीची हे कळेनासं झालं. मागणी एका वाक्यात मावणारी: आम्हाला शांतता हवी. सरकारची बाजू नाही, बंडखोरांची नाही. उन्हात बसल्या, पावसातही बसल्या. मनरोव्हियाचा पाऊस कोकणाला मागे टाकणारा असतो. त्यात उघड्यावर बसणं म्हणजे काय ते मी स्वतः तो पावसाळा पाहिल्यावर कळलं.

२३ एप्रिलला टेलर यांनी त्यांना भेटीला बोलावलं. बोवींनी निवेदन वाचलं तेव्हा त्यांनी शब्द उद्देशले होते तिथे बसलेल्या सिनेटच्या अध्यक्षा ग्रेस मायनर यांना, म्हणजे एका बाईला. युद्ध तातडीने थांबवा, बोलणी सुरू करा, मध्ये उभं राहणारं शांतिदल येऊ द्या, या तीन मागण्या. जूनमध्ये घानात वाटाघाटी सुरू झाल्या. बायकांनी पैसे गोळा करून आपल्यातल्या काही जणींना तिथे पाठवलं. घानातल्या निर्वासित छावण्यांमधल्या लायबेरियन बायका त्यांना येऊन मिळाल्या. आठवडे उलटले. लढणाऱ्या गटांची सरदार मंडळी चांगल्या हॉटेलांत राहून मंत्रिपदांची वाटणी करत होती आणि इकडे मनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैच्या उत्तरार्धात बायका सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसल्या आणि करार झाल्याशिवाय कोणाला बाहेर सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सुरक्षारक्षक बोवींना अटक करायला आले तेव्हा त्या अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईच्या वयाच्या बाईने जाणूनबुजून असं करणं हा त्या भागात पुरुषांवरचा भयंकर शाप समजला जातो. मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी रक्षकांना थांबवलं आणि बायकांशी बोलणी केली. टेलर ११ ऑगस्टला पायउतार होऊन नायजेरियाला गेले, आणि १८ ऑगस्ट २००३ रोजी अक्रामध्ये शांतता करार झाला. करार घडण्यामागे आफ्रिकी देशांचा, अमेरिकेचा आणि रणांगणावरच्या परिस्थितीचा दबाव होताच. पण बोलणी लांबवणं अवघड करून टाकलं ते बायकांनी.

कोणाशी बोलायचं, कुठे, कुठल्या खुणेने, कुठल्या शब्दांत, हे सगळं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्यांना बोलायला शिकवणारी कोणी बाहेरून आली नव्हती. संपर्काचं कसब त्यांच्याकडे नाही हे माझं गृहीतक इथेच डळमळलं.

दुसरा धक्का बसला तो एका फार गाजलेल्या गोष्टीमुळे. या आंदोलनाबद्दल जगात सर्वांत जास्त काय माहीत आहे? बायकांनी नवऱ्यांशी शरीरसंबंध नाकारून युद्ध थांबवलं, हे. मथळे त्याचेच झाले. बोवींनी मात्र आपल्या आत्मकथनात स्वच्छ लिहिलं आहे, की प्रत्यक्षात त्या संपाचा परिणाम नगण्य होता. माध्यमांचं लक्ष वेधून घ्यायला तेवढा तो उपयोगी पडला. संघटनेतल्या बायका याविषयी बोलायला नाखूश असत. बाहेरून येणारा प्रत्येक जण तेवढंच विचारतो, असं त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलं. मी माझ्या व्यवसायात वर्षानुवर्षं हेच शिकवत आले होते: चटकन लक्ष वेधणारा तपशील शोधा, तो मथळ्यात घाला. इथे त्या नियमाचा परिणाम माझ्यासमोर होता. तपशील जगभर पोचला होता, पण मशिदी-बाजार-चर्चची ती फेरी, जिच्यामुळे आंदोलन उभं राहिलं, ती कोणाला माहीत नव्हती. म्हणजे दुसऱ्या एखाद्या युद्धग्रस्त देशातल्या बायकांना लायबेरियाकडून शिकायचं असेल तर नेमकी शिकण्याजोगी गोष्टच बातमीतून गळून गेली होती.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. युद्धात सोसलेल्या बायकांच्या कहाण्या लिहिणं हा माझ्या कामाचा गाभा असणार होता. लायबेरियाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २००९ मध्ये अंतिम अहवाल देऊन युद्धगुन्ह्यांसाठी खास न्यायालयाची शिफारस केली होती, पण मी तिथे होते तोवर देशाच्या आत एकाही माणसावर युद्धगुन्ह्यांचा खटला उभा राहिला नव्हता. टेलर यांना २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांबद्दल. युद्धातला एक सेनानी प्रिन्स जॉन्सन निवडून आलेला सिनेटर होता. थोडक्यात, अत्याचार करणारा आणि सोसणारी एकाच वस्तीत, कधी एकाच गल्लीत राहत होते. बाँग काउंटीतल्या एका बाईने मला आपली हकिगत सांगितली आणि लिहायला परवानगीही दिली. मी ती नाव बदलून लिहिली. ओल्ड मांनी ती वाचून घेतली आणि बाजूला ठेवली.

“नाव बदललंस, पण गाव आहे, मुलांची संख्या आहे, काय विकते ते आहे. तिचा शेजारी ओळखेल. तू पुण्याला जाशील, ती तिथेच राहणार आहे.”

तिने परवानगी दिली आहे, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, “लांबून आलेल्या पाहुणीला नाही म्हणणं आमच्याकडे बायकांना जमत नाही. पाहुणी निघून गेल्यावर पुन्हा विचार.” महिन्याभराने संघटनेच्या एका कार्यकर्तीने त्या बाईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, छापू नका. तो लेख कुठेही गेला नाही, आणि माझ्या मतातला सर्वांत मोठा बदल तिथे झाला. व्यथा जगापुढे आणली की न्याय जवळ येतो, हे मी तोवर निर्विवाद मानत होते. न्यायालय नाही, संरक्षण नाही, अशा ठिकाणी व्यथा उघड होण्याची किंमत ती सांगणारीच मोजते आणि तिचा लाभ बहुधा लिहिणाऱ्याला होतो, हे मी आता मानते.

याच संघटनेच्या गावोगावच्या सभा मी पाहिल्या. लायबेरियात ‘पीस हट’ म्हणून ओळखली जाणारी ठिकाणं आहेत. युद्धानंतर बायकांनी ती उभी केली, काहींना संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेची मदत मिळाली. वर छप्पर, बाजूंनी उघडं, बसायला बाकं. जमिनीचा वाद, नवऱ्याची मारहाण, मुलांच्या खर्चाची टाळाटाळ अशा तक्रारी तिथे येतात. बायका दोन्ही बाजू ऐकतात, मिटण्यासारखं असेल ते मिटवतात, आणि बलात्कारासारखा गुन्हा असेल तर मिटवत न बसता पोलिसांकडे पाठवतात. मी बसले होते त्या सभांत सुरुवातीलाच सांगितलं जाई, की इथे ऐकलेलं इथेच राहील. माझा कॅमेरा पिशवीतच राहिला. त्या सभा चालतात त्या या भरवशावर, आणि माझ्या जुन्या आराखड्याने पहिला घाव घातला असता तो त्याच भरवशावर.

संदेश कोणाच्या तोंडून येतो याला किती महत्त्व आहे हे सांगताना लायबेरियाच्या अलीकडच्या इतिहासातली दोन उदाहरणं तिथली माणसं सारखी देतात. पहिलं निःशस्त्रीकरणाचं. डिसेंबर २००३ मध्ये शांतिसेनेने शस्त्रं जमा करून घ्यायला सुरुवात केली. या मुलांना आम्ही ओळखतो, त्यांच्याशी कसं बोलायचं ते आम्हाला विचारा, असं बायकांनी आधीच सांगितलं होतं. तज्ज्ञांनी ते मनावर घेतलं नाही. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लढवय्ये एकदम आले, दंगल उसळली, कार्यक्रम थांबवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला एप्रिल २००४ मध्ये, आणि मधल्या काळात बायकांनी त्या मुलांशी बोलण्याचं काम केलं. पुढे एक लाखाहून अधिक जणांची नोंद झाली. दुसरं उदाहरण इबोलाचं. २०१४ मधल्या सुरुवातीच्या जाहिरातींचा भर ‘या रोगावर इलाज नाही’ यावर होता. इलाजच नाही तर दवाखान्यात कशाला न्यायचं, असा लोकांनी अर्थ काढला आणि रुग्ण घरातच लपवले. ओळखीच्या माणसांनी, गावच्या बायकांनी, धर्मगुरूंनी घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली तेव्हा चित्र पालटू लागलं. त्या साथीत लायबेरियात ४८०० हून अधिक माणसं मेली. चुकीच्या तोंडून, चुकीच्या क्रमाने आलेला संदेश जीव घेऊ शकतो, हे त्या देशाने भोगलेलं आहे.

आपल्या देशाचाही एक धागा इथे आहे. जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून अधिक स्त्रियांची तुकडी मनरोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातली पूर्णपणे स्त्री पोलिसांची ती पहिलीच तुकडी. एकामागून एक तुकड्या बदलत हे काम २०१६ पर्यंत चाललं. रस्त्यावर गस्त घालणाऱ्या, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देणाऱ्या या स्त्रियांना पाहून लायबेरियन मुली पोलिसात यायला पुढे आल्या, याचं श्रेय खुद्द अध्यक्षा सरलीफ यांनी त्यांना दिलं. मी भारतातली म्हटल्यावर लोकांना आधी त्यांचीच आठवण होई. त्यांनी काय सांगितलं हे कोणाला आठवत नव्हतं. त्या काय करत होत्या ते सगळ्यांना आठवत होतं.

मग माझ्या कसबाचा उपयोग काय झाला? झाला, आणि चांगला झाला. फक्त तो मी ठरवून गेले होते तिथे नव्हता. निधीचे अर्ज लिहिणं हे पहिलं काम. बायका वर्षभर राबत आणि अर्जाच्या ठरावीक भाषेत ते काम बसवता न आल्याने निधी हुकत असे. मी लिहायचे, आणि सोबत दोन तरुण मुली लिहायला शिकायच्या. दुसरं, रेडिओ. लायबेरियात वर्तमानपत्रं राजधानीपुरतीच, देश चालतो तो गावोगावच्या सामुदायिक रेडिओवर. जमिनीचा हक्क, मारहाणीची तक्रार कुठे करायची, मतदार नोंदणी अशा विषयांवर छोटे संवाद तयार केले. मी फक्त रचना आणि ध्वनिमुद्रण शिकवलं. तिथल्या क्पेले भाषेतले शब्द आणि आवाज त्यांचे. तिसरं, वार्ताहराशी बोलण्याची तयारी. कुठला प्रश्न नाकारायचा, ‘हे छापू नका’ केव्हा म्हणायचं, फोटोला नकार कसा द्यायचा. पूर्वी मी वार्ताहरांची वाट सोपी करून देत असे. इथे मी बायकांना ती अडवायला शिकवलं, आणि ते काम मला जास्त योग्य वाटलं.

चौथं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मघाशी सांगितलेला माहितीपट करताना दिग्दर्शिका जिनी रेटिकर आणि निर्मात्या ॲबिगेल डिस्ने यांना या बायकांचं जुनं चित्रण फारच थोडं सापडलं. युद्धाचं चित्रण मुबलक होतं. बंदूकधारी मुलं टिपायला आलेल्या कॅमेऱ्यांना, रोज मैदानात बसणाऱ्या बायका टिपाव्यात असं वाटलंच नव्हतं. म्हणून संघटनेच्या कपाटांतली पोती आम्ही उपसली. सभांच्या वह्या, ओलीने चिकटलेले फोटो, हाताने रंगवलेले फलक. प्रत्येक फोटोतल्या बाया कोण, हे जुन्या सदस्यांना बसवून विचारलं आणि लिहून ठेवलं. काय खुलं ठेवायचं आणि काय कुलपात, हे त्यांनी ठरवलं. हा दस्तऐवज कुठल्याही बातमीत येणार नाही, पण उद्या इतिहास लिहिला जाईल तेव्हा तो त्यांच्या हातात असेल.

प्रसिद्धी निरुपयोगी असते असं माझं म्हणणं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांतताप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग आवश्यक मानला. तरी १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतताप्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के आणि मध्यस्थांत व सह्या करणाऱ्यांत ६ टक्के होत्या. हे बदलायचं तर जगाच्या व्यासपीठांवर बोलावंच लागेल. त्या माहितीपटानेही इतर संघर्षग्रस्त देशांतल्या बायकांना बळ दिलं. माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी शेजारी, मग समोरचा पक्ष, मग सरकार, आणि सर्वांत शेवटी बाहेरचं जग. आणि त्या शेवटच्या टप्प्यावरही बोलणारी तीच हवी जिने ते भोगलं आणि निस्तरलं. माझ्यासारखीने तिच्या भाषणाचा मसुदा तपासावा, व्हिसाचे कागद पाहावेत.

परतल्यावर मला आपल्याकडच्याही काही गोष्टी नव्याने दिसल्या. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरुद्ध मुंबईत लाटणे मोर्चा काढला, तेव्हा थाळीवर लाटणं वाजवण्याची कल्पना कुठल्या जनसंपर्क संस्थेकडून आली नव्हती. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ग्रामीण बायकांचा ‘माणदेशी तरंग’ हा सामुदायिक रेडिओ २००८ पासून चालू आहे. ज्यांना परदेशी जाणं जमणार नाही, किंवा जाण्याआधी हात बसवायचा आहे, त्यांनी अशा ठिकाणी काम मागावं.

आणि ज्या जाणार आहेत त्यांना माझी विनंती. बोलावणं आल्याशिवाय जाऊ नका. गेल्यावर तुमचा आराखडा बाजूला ठेवा आणि त्या एकमेकींशी, विरोधकांशी, पोलिसांशी कशा बोलतात ते आधी पाहा. कोणाचीही हकिगत तिच्या पुन्हा विचारलेल्या होकाराशिवाय बाहेर नेऊ नका. तुम्हाला येतं ते तिथल्या दोन मुलींना शिकवा आणि तुमच्यावाचून काम चालू लागलं की परत या. निधीचा एक नीट लिहिलेला अर्ज, एक चालू राहिलेला रेडिओ कार्यक्रम आणि नावं लिहिलेल्या फोटोंचं एक कपाट एवढं जरी तुमच्या हातून झालं, तरी तुमचं जाणं सार्थ झालं असं मी म्हणेन.